अर्ध्यावर अडकलेले अपडेट

१२ ऑक्टोबर २०२० हा सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या अवघ्या टापूची वीज एकदम गेली. कळवा-पडघा भागातील उच्च दाबाच्या वाहिन्या बंद पडल्या होत्या, आणि अशा वेळी मुंबईला बाकीच्या जाळ्यापासून अलग करून सावरणारी यंत्रणाही त्या दिवशी कामी आली नाही. लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. राज्याच्या वीज कंपन्यांची मुख्यालये, 'प्रकाशगड' आणि 'प्रकाशगंगा', ज्या वांद्र्यात आहेत त्या वांद्र्यातले पंखेही थांबले. नावांचा महिमा असा!

करोनाच्या साथीमुळे त्या दिवसांत शाळा, कचेरी, परीक्षा असे सारेच घरच्या संगणकावर चालत होते. समजा, वांद्रे पूर्वेला एका दोन खोल्यांच्या घरात टेबलावर एक जुना संगणक आहे. त्याला बॅटरीचा आधार नाही. त्यावर उबुंटू ही लिनक्स घराण्यातली कार्यकारी प्रणाली आहे, आणि नेमक्या त्या वेळी तो स्वतःचे सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यात गुंतलेला आहे. दीडशे पॅकेजे बदलायची होती. ऐंशी बदलून झाली, एक्याऐंशीवे चालू असताना वीज गेली. दुपारी ती परत आली, संगणकही सुरू झाला. पण नवे काही बसवायला जावे तर तो एक इंग्रजी वाक्य पुढे करून हटून बसतो. वाक्याचा अर्थ असा : 'डीपीकेजीचे काम मध्येच तुटले आहे, ते तुम्ही स्वतः पूर्ण करा.'

घरातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. पण विज्ञानाच्या शिक्षकाला इथे दुसराच प्रश्न पडायला हवा. वीज जाताच संगणकाची कामचलाऊ स्मृती पुसली जाते. मग काम अर्धे राहिले होते हे त्या यंत्राला दुपारी कळले कसे?

कुठेतरी ते लिहून ठेवलेले होते, म्हणून. काय लिहायचे, कधी लिहायचे आणि एका वेळी कोणी लिहायचे, हे ठरवायला संगणकशास्त्राला काही दशके लागली. अडकलेले अपडेट सोडवणे म्हणजे ती नोंद नीट वाचणे. तेव्हा थोडे मागे जाऊ.

फ्लॉपींचे दिवस

'पॅकेज' ही कल्पना फार जुनी नाही. एखादा प्रोग्रॅम म्हणजे एकच फाइल असे क्वचितच असते. मुख्य प्रोग्रॅम, त्याची मदतपुस्तिका, त्याची चित्रे, त्याच्या जुळणीच्या फाइली अशा अनेक वस्तू संगणकाच्या निरनिराळ्या कप्प्यांत जाऊन बसतात. त्या साऱ्यांचे एक गाठोडे, वर एक चिठ्ठी, म्हणजे पॅकेज.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला, आणि १९९३ च्या जुलैमध्ये पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांनी 'स्लॅकवेअर' नावाने तो वापरण्याजोग्या रूपात वाटायला सुरुवात केली. पहिले स्लॅकवेअर २४ फ्लॉपींवर मावत असे. आज हा आकडा किरकोळ वाटतो, पण तो त्या वेळच्या मुंबईत आणून पाहा. वांद्र्याहून दोन-तीन स्थानके पुढे, जुहूला, राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होते. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. देशातील शिक्षणसंस्थांचे 'एर्नेट' हे जाळे १९८६ पासून उभे राहू लागले त्यात या केंद्राचा मोठा वाटा होता, आणि १९८९ मध्ये याच केंद्रातून अमेरिकेशी कायमची संगणकीय जोडणी झाली. तिचा वेग होता सेकंदाला ९,६०० बिट. आठाने भागा : सेकंदाला १,२०० अक्षरे. १.४४ मेगाबाइटची एक फ्लॉपी या वाटेने यायला वीस मिनिटांहून अधिक वेळ लागेल, २४ फ्लॉपींना आठ तासांहून अधिक. तेही ओळ एकदाही तुटली नाही आणि दुसरे कोणी ती वापरत नसले तर. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा घरच्या टेलिफोनवरून मिळणारा वेगही साधारण असाच होता. हे गणित आठवी-नववीच्या वर्गात जरूर करून घ्यावे.

मग सॉफ्टवेअर हिंडत असे ते खिशातून. अमक्याकडून फ्लॉपी आणायची, घरी उतरवायची, तमक्याला द्यायची. नवी आवृत्ती आली की बहुतेक वेळा सगळे पुसून पहिल्यापासून बसवायचे. कटकटीचे होते खरे, पण 'अपडेट अडकले' ही तक्रार त्या काळी फारशी नव्हती. चालत्या गाडीचे चाक बदलायला कोणी गेलेच नाही, तर ते अर्धे बसण्याचा प्रश्न येतो कुठे?

तीन शब्दांची नोंद

चालत्या गाडीचे चाक बदलण्याचे काम अंगावर घेतले ते डेबियनने. पर्ड्यू विद्यापीठातील इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी या प्रकल्पाची घोषणा केली. डेब्रा आणि इयन ही दोन नावे जोडून हे नाव झाले. निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक एकेक पॅकेज सांभाळणार, म्हणून गाठोडी बांधण्याचे आणि सोडण्याचे नियम सर्वांना समान हवे होते. त्यातून 'डीपीकेजी' हा प्रोग्रॅम जन्मला आणि इयन जॅक्सन यांनी तो लवकरच नव्याने लिहून काढला. आजचे उबुंटू आणि आपल्याकडे सी-डॅकने २००७ मध्ये प्रसृत केलेले 'बॉस' लिनक्स ही दोन्ही डेबियनचीच अपत्ये. त्यामुळे वांद्र्याच्या त्या संगणकावरचे वाक्य याच घराण्याचे आहे.

डीपीकेजी कोणतेही पॅकेज दोन टप्प्यांत बसवतो. आधी गाठोडे सोडून फाइली जागच्या जागी ठेवायच्या. मग 'जुळणी', म्हणजे त्या पॅकेजसोबत आलेली छोटी आज्ञावली चालवून त्याला या विशिष्ट संगणकाशी जमवून घ्यायचे. फाइली ठेवतानाची काळजी पाहण्याजोगी आहे. जुन्या फाइलवर नवी लिहीत गेले आणि मध्येच वीज गेली, तर अर्धी जुनी अर्धी नवी अशी निरुपयोगी फाइल हाती येईल. म्हणून नवी फाइल तात्पुरत्या नावाने शेजारी पूर्ण लिहितात, ती चकतीवर उमटल्याची खात्री करतात आणि मग फक्त नाव बदलतात. नाव बदलणे ही क्रिया या प्रणालींत अर्धी होत नाही. ती होते किंवा होत नाही.

आणि प्रत्येक पावलाला नोंद. डीपीकेजीची 'स्टेटस' नावाची एक साधी फाइल असते. ती कोणत्याही संपादकात उघडून वाचता येते. त्यात प्रत्येक पॅकेजपुढे तीन शब्द असतात. पहिला शब्द इच्छा सांगतो : हे पॅकेज हवे की नको. दुसरा दोष सांगतो : सारे ठीक आहे की पुन्हा बसवणे आवश्यक आहे. तिसरा शब्द अवस्था सांगतो : बसलेले, गाठोडे सुटलेले पण जुळणी न झालेले, जुळणी अर्धी झालेले, गाठोडेच अर्धे सुटलेले, वगैरे.

ग्रामीण भागातील शिक्षकांना ही रीत ओळखीची वाटेल. जमिनीची मालकी बदलली की तलाठी थेट सातबारा खोडत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरली जाते. ती प्रमाणित झाली की मग सातबारावर अंमल. मधल्या काळात कोणी विचारले, तर फेरफार नोंद झालेली आहे, प्रमाणित व्हायची आहे, असे नेमके उत्तर देता येते. अर्धवट काम असणे वेगळे आणि कोणते काम अर्धवट आहे हे माहीत नसणे वेगळे. डीपीकेजीचा सारा खटाटोप दुसरी अवस्था टाळण्यासाठी आहे.

ही दृष्टी डेबियनच्या आधीची. १९७० च्या दशकात आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत जिम ग्रे आणि त्यांचे सहकारी बँकांसारख्या ठिकाणची माहिती साठवण्याच्या पद्धतींवर काम करत होते. एका खात्यातून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यात जमा होण्याआधी यंत्र बंद पडले तर काय करायचे? ग्रे यांनी 'व्यवहार' या संकल्पनेला नेमकी व्याख्या दिली : व्यवहार पूर्ण तरी होईल किंवा झालाच नाही असे तरी मानले जाईल, आणि त्यासाठी बदलाआधी नोंद लिहिली जाईल. १९८१ च्या आपल्या निबंधात त्यांनी या कल्पनेचे मूळ करारविषयक कायद्यात असल्याचे सांगितले. १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला तो मुख्यतः याच कामासाठी.

डीपीकेजी मात्र बँकेइतका कडक नाही. दीडशे पॅकेजांचे अपडेट हा त्याच्या लेखी एक व्यवहार नव्हे. एक्याऐंशीवर वीज गेली, तर आधीची ऐंशी तो मागे घेत नाही; पुढे जाण्याची वाट तेवढी मोकळी ठेवतो. म्हणून डेबियनच्या नियमावलीत एक अट आहे : जुळणीची आज्ञावली पुन्हापुन्हा चालवली तरी निकाल तोच आला पाहिजे. गणिताच्या शिक्षकांनी इथे केवलमूल्य आठवावे. उणे पाचाचे केवलमूल्य पाच, आणि त्याचे पुन्हा केवलमूल्य घेतले तरी पाचच. ही अट पाळली असेल, तर अर्ध्यावर तुटलेली जुळणी निर्धास्तपणे पहिल्यापासून चालवता येते. हटून बसलेला संगणक जी आज्ञा द्यायला सांगतो तिचा अर्थ इतकाच : नोंदवहीत ज्यांची जुळणी राहिलेली दिसते त्या सर्वांची जुळणी आता कर.

कुलूप कुठे असते?

आता दुसरे दुखणे, जे वरून पहिल्यासारखेच दिसते. वीज गेलेली नाही, काही तुटलेले नाही, तरीही संगणक म्हणतो : 'कुलूप मिळत नाही, दुसरे कोणी काम करत आहे का?'

एकाच नोंदवहीत दोघांनी एकाच वेळी लिहू नये, यासाठी ही सोय. तिचा पूर्वज रेल्वेत सापडतो. इंग्लंडमध्ये नॉर्विचजवळ थॉर्प येथे १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. तारेने गेलेल्या निरोपांचा घोटाळा झाला होता, आणि २५ माणसे मेली. त्यानंतर एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये एक विद्युत यंत्र आणले : दोन स्थानकांच्या दोन पेट्या एकमेकींशी जोडलेल्या, आणि दोहोंतून मिळून एका वेळी एकच बिल्ला बाहेर निघणार. बिल्ला हातात असल्याशिवाय चालकाने त्या टापूत शिरायचे नाही. आपल्याकडे एकेरी मार्गांवर दशकानुदशके वापरात राहिलेला नीलचा टोकन-गोळा याच जातीचा. वेताच्या मोठ्या कड्यात अडकवलेले टोकन धावत्या गाडीतून झेलताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको. डच शास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये संगणकातील अशा 'एका वेळी एकच' प्रश्नाची पहिली प्रसिद्ध उकल छापली, आणि या कामासाठी सुचवलेल्या साधनाला त्यांनी नाव दिले ते रेल्वेच्या सिग्नलचेच : सेमाफोर.

डीपीकेजीजवळ 'लॉक' नावाची एक रिकामी फाइल असते. इथे एक उपाय तोंडोतोंडी फार पसरलेला आहे : ती फाइल पुसून टाका, काम होईल. आम्हाला हा उपाय मान्य नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कुलूप त्या फाइलच्या असण्यात नसतेच. अमुक प्रक्रियेने या फाइलवर कुलूप घेतले आहे, अशी नोंद संगणकाच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये, असते. ती प्रक्रिया संपली किंवा मेली की गाभा कुलूप आपोआप काढतो. फाइल मात्र तिथेच राहते आणि तिने काही अडत नाही. म्हणजे कुलूप लागलेले दिसते आहे याचा अर्थ कोणीतरी खरोखरच आत काम करत आहे. अशा वेळी फाइल पुसली, तर आतला आपल्या जुन्या, आता निनावी झालेल्या फाइलवरचे कुलूप धरून काम करत राहतो. बाहेरचा त्याच नावाची नवी फाइल करून तिच्यावर दुसरे कुलूप घेतो. मग दोघेही एकच नोंदवही लिहू लागतात. एकेरी मार्गावर दुसरा बिल्ला घडवून चालकाच्या हाती देण्याचाच हा प्रकार आहे. पुष्कळदा काही बिघडत नाही, हेही खरे. समोरून गाडी नेहमीच येते असे नाही.

बहुतेक वेळा आत असतो तो उबुंटूचाच नोकर. सुरक्षेची अपडेट्स तो संगणक सुरू झाल्यावर गुपचूप बसवत असतो. २०२० पासूनच्या आवृत्त्या तर कुलूप कोणाच्या हाती आहे ते नाव आणि क्रमांकासह सांगतात. दहा-पंधरा मिनिटे थांबावे, हा सर्वांत चांगला उपाय. जुन्या चकतीचा संगणक असेल तर चहा करून प्यावा.

वेळापत्रकाचे कोडे

तिसरे दुखणे खऱ्या अर्थाने अवघड आहे. चिठ्ठीवर लिहिलेले असते की या पॅकेजला अमुक पॅकेजची तमुक आवृत्ती लागते, आणि अमक्याशी त्याचे जमत नाही. स्लॅकवेअर अशा गरजांचा हिशेब ठेवत नसे, आजही ठेवत नाही. डेबियनने तो ठेवला. १९९९ च्या मार्चमधील आवृत्ती २.१ पासून 'एपीटी' हा प्रोग्रॅम गरजांची साखळी स्वतः शोधून सर्व पॅकेजे जाळ्यावरून आणू लागला. आज डेबियनमध्ये सुमारे ७० हजार पॅकेजे आहेत. एवढ्यांत परस्परांशी जमणारा गट निवडायचा.

शाळेचे वेळापत्रक ज्यांनी लावले आहे त्यांना या कामाचा स्वभाव कळेल. एक तास हलवला की चार हलतात, आणि शेवटी चित्रकलेच्या सरांना एकाच वेळी दोन वर्ग येतात. ही उपमा वरवरची नाही. स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये ज्या अवघड प्रश्नांचा वर्ग दाखवून दिला, त्यात वेळापत्रकाचा सर्वसाधारण प्रश्न बसतो. आणि २००६ मध्ये रोबेर्तो दी कोस्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दिलेले पॅकेज बसवता येईल का, हा प्रश्नही त्याच वर्गातला आहे. प्रत्येक प्रसंगी हमखास लवकर उत्तर देणारी रीत अशा प्रश्नांसाठी कोणाला सापडलेली नाही. व्यवहारात बहुतेक उदाहरणे सुटतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये आलेल्या एपीटी ३.० मध्ये यासाठी नवी शोधपद्धतीही आणलेली आहे. पण बाहेरच्या चार ठिकाणांहून पॅकेजे आणून बसवलेल्या संगणकावर अपडेट अडले, तर दोष पुष्कळदा प्रश्नातच असतो : मागितलेले वेळापत्रक अस्तित्वातच नसते.

एवढा त्रास, तर अपडेटच बंद ठेवावे, असे म्हणणारे भेटतात. त्यांना २०१७ साल दाखवावे. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला विंडोजमधील एक भोक बुजवणारे अपडेट दिले. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर प्रोग्रॅम त्याच भोकातून दीडशेच्या आसपास देशांत शिरला. ज्यांचे अपडेट राहिले होते त्यांच्याकडे. ब्रिटनमधील रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. २७ जूनला 'नॉटपेट्या' आला आणि मुंबईसमोरच्या खाडीपलीकडे, न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम कोलमडले. गंमत, खरे तर भीती, अशी की नॉटपेट्याने युक्रेनमध्ये पहिला शिरकाव केला तो एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. म्हणून गाठोड्यावर बांधणाऱ्याची सही हवी, आणि ती तपासली गेली पाहिजे. डेबियनमध्ये एपीटी २००७ च्या आवृत्तीपासून ही तपासणी नेमाने करतो. अर्थात सही खरी असूनही आतला माल सदोष असू शकतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. आपल्याकडे विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, आणि अनेक ठिकाणी माणसाने यंत्राजवळ जाऊन ती एक फाइल पुसेपर्यंत यंत्र उठले नाही.

आता वांद्र्याच्या त्या घरी परत येऊ. दुपारी वीज आली आहे. वीज गेली तेव्हा सर्व प्रक्रिया मेल्या, म्हणजे कुलपाचा प्रश्न नाही. पहिल्यांदा चकतीवर जागा शिल्लक आहे का ते पाहायचे. कर्नेलच्या जुन्या आवृत्त्या साचून त्यांचा कप्पा भरलेला असेल, तर पुढचे प्रत्येक पाऊल पुन्हा तिथेच अडेल. जागा असेल, तर संगणकाने सुचवलेली जुळणीची आज्ञा द्यायची. ज्यांचे गाठोडे सुटून जुळणी राहिली होती ती सारी पॅकेजे एकामागून एक मार्गी लागतात. एक्याऐंशीवे पॅकेज बहुधा लागत नाही, कारण त्याचे गाठोडेच अर्धे सुटले होते आणि नोंदीतला दुसरा शब्द 'पुन्हा बसवणे आवश्यक' असा आहे. त्यासाठी एपीटीला मोडलेले दुरुस्त करण्याची आज्ञा द्यायची. तो ते गाठोडे नव्याने आणून बसवतो आणि उरलेल्या एकोणसत्तरांकडे वळतो. आणि वीज जाण्याच्या क्षणी 'स्टेटस' फाइलच खराब झाली असेल, तर तिची मागची प्रत 'स्टेटस-ओल्ड' नावाने शेजारीच असते. शिवाय आधीच्या काही दिवसांच्या प्रती बॅकअपच्या कप्प्यात ठेवलेल्या सापडतात.